गोष्ट संपली की तुमच्या घरी काय म्हणतात?

पिंपळपार

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं मी हैदराबादला मुलाकडे राहते. नातू साडेचार वर्षांचा आहे. आमच्या समोरच्या दारी एक बंगाली आजी आणि शेजारी तेलुगू कुटुंब. संध्याकाळी वीज गेली की तिन्ही घरची पोरं जिन्याजवळ सतरंजीवर जमतात आणि आम्ही दोघी आज्या मोडक्यातोडक्या हिंदीत गोष्टी सांगतो.

मागच्या आठवड्यात मी भोपळ्यातली म्हातारी सांगितली. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा." इथवर आले आणि बंगाली आजी एकदम सरसावून बसल्या. ही तर त्यांची गोष्ट! त्यांची म्हातारी पाठीत वाकलेली आहे आणि ती भोपळ्यात नाही, दुधीत बसते. आमचा भोपळा टुणुक टुणुक जातो, त्यांचा लाऊ गुडगुड गडगडतो. आत बसलेली म्हातारी तूपरोटीच्या गुणाची नाही, ती पोहे आणि चिंच खाते आणि चिंचोके टाकत जाते. शेवटी तिला सोडवतात तिचे दोन कुत्रे, रंगा आणि भंगा. ही गोष्ट सत्यजित राय यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १९१० साली 'टुनटुनीर बोई' या पुस्तकात छापली आहे, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं.

पण मला लिहायचंय ते पुढचंच. गोष्ट संपल्यावर आजी हात झटकून म्हणाल्या, "आमार कथाटि फुरोलो, नोटे गाछटि मुडोलो." माझी कथा सरली, माठाचं रोप खुडलं गेलं. त्यावर तेलुगू घरचा सहा वर्षांचा मुलगा उठत म्हणाला, "कथ कंचिकि, मनम् इंटिकि." कथा कांचीला, आपण घराला. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, की मी काय म्हणणार.

मी म्हटलं, "झालं, संपली."

रात्री फार चुटपुट लागली हो. माझी आजी असं कोरडं कधीच संपवत नसे. तुमच्या घरी काय म्हणायचे? जिथे जिथे राहिलात तिथलंही सांगा.

---

जुनीपोथी

ताई, आपल्याकडे आहे की. "ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." साठ उत्तरांत सांगण्याजोगी कहाणी पाच उत्तरांत आवरली. आमच्याकडे त्याच्या आधी "देवाब्राह्मणाच्या दारी, गाईच्या गोठी, पिंपळाच्या पारी" असंही यायचं. तुमचा आयडी तिथूनच आलाय ना?

मात्र हे श्रावणातल्या कहाण्यांना लागू आहे. भोपळ्यातल्या म्हातारीला ते जोडू नये असं मला वाटतं. कहाणी हा व्रताचा भाग आहे, ती तांदळाचे दाणे हातात घेऊन ऐकायची असते. चिऊकाऊची गोष्ट वेगळी.

---

पिंपळपार

हो, आयडी तिथलाच. आजोळच्या पारावरचा.

तुमचं म्हणणं समजलं, पण माझी आजी कोणत्याही गोष्टीला सुफळ संपूर्णच म्हणायची, अगदी माकडाच्या काळजाच्या गोष्टीलासुद्धा. आम्हाला झोप लागायची ती त्या दोन शब्दांवर. व्रत आणि गोष्ट यांची वाटणी तिनं तरी केली नव्हती.

---

झाडीपट्टी

आमच्या आईचं माहेर राजनांदगावकडचं, सासर गोंदियाचं. ती छत्तीसगढीत म्हणायची, "दार भात चुर गे, मोर किस्सा पुर गे." डाळभात शिजला, माझा किस्सा पुरा झाला. आणि ते खरंच असायचं! चुलीवर भात ठेवायची, आम्हा चौघांना भुकेची आठवण होऊ नये म्हणून किस्सा लावायची. झाकण थडथडायला लागलं की तिचा राजपुत्र घाईघाईनं घरी यायचा. ज्या दिवशी लाकडं ओली असत त्या दिवशी त्याला आणखी एक राक्षस भेटायचा.

सवडीनं परत येतो. गोंडी गोष्ट आहे एक, ती या धाग्यावर यायलाच हवी.

---

कावेरीकाठ

मी तंजावरची मराठी. आमचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या काळात तिकडे गेले, त्यामुळे घरात मराठी आणि अंगणात तमिळ. तमिळमध्ये म्हणतात "कदै मुडिंजदु, कत्तिरिक्का काय्चदु", म्हणजे कथा संपली, वांगं धरलं. अर्थ विचाराल तर यमक जुळतं एवढाच. पण बघा, बंगाली आजींचा माठ, आमचं वांगं, झाडीपट्टींचा डाळभात. गोष्ट संपली की सगळेजण एकदम परसात नाहीतर चुलीपाशी पोचतात. राजवाड्यातून थेट भाजीत!

---

महानदी_ते_मुळा

भुवनेश्वरला अकरा वर्षं काढली, म्हणून लिहिते. ओडियात, "मो कथाटि सरिला, फुल गछटि मरिला." बंगालीच्या सख्ख्या बहिणीसारखं. पण हे तिथेच थांबत नाही. पोरं लगेच विचारतात, फुलझाडा, तू का रे मेलास? तर काळ्या गाईनं खाल्लं. गाई, तू का खाल्लंस? गुराख्यानं राखलं नाही. गुराख्या, तू का राखलं नाहीस? सुनेनं भात वाढला नाही. सूनबाई, भात का नाही वाढलास? लेकरू रडत होतं. लेकरा, तू का रडलास? मुंगी चावली. मुंगी, तू का चावलीस? मुंगी म्हणते, मी मातीखाली राहते, कोवळं मांस दिसलं की कुट्कन चावते.

आमच्या कामवाल्या मावशी हे शेवटचं सांगताना पोराच्या दंडाला असा चिमटा काढायच्या की पोरगं किंचाळून हसायचं. गोष्ट संपली म्हणून हिरमुसलेलं मूल हसत झोपायला जायचं. मला ती युक्ती फार थोर वाटते.

---

पिंपळपार

आजींना विचारून आले. त्यांच्याकडेही साखळी आहे, गाय, गुराखी, सून सगळे आहेत, आणि शेवटी मुंगीच! "कुट कुट चावेन, बिळात शिरेन," असं म्हणते ती.

---

सीमाभाग

बेळगावचा. माझ्या लहानपणी शेजारच्या कन्नड अज्जी एक गोष्ट सांगायच्या, ती ए. के. रामानुजन यांनी गोळा केलेल्या कन्नड कथांमध्येही आहे. तुमच्या प्रश्नाशी तिचा फार जवळचा संबंध आहे.

एका बाईला एक गोष्ट येत होती आणि एक गाणं येत होतं. पण तिनं गोष्ट कुणाला सांगितली नाही, गाणं कधी म्हटलं नाही. दोन्ही तिच्या पोटात गुदमरली. एका दुपारी ती तोंड उघडं टाकून झोपली होती, तेव्हा गोष्ट निसटली आणि दाराबाहेर जोड्यांचा जोड होऊन बसली. गाणंही निघालं, ते पुरुषाच्या अंगरख्याचं रूप घेऊन खुंटीला लटकलं. नवरा घरी आला. हे जोडे कुणाचे? अंगरखा कुणाचा? बाई म्हणते मला ठाऊक नाही, आणि तिला खरंच ठाऊक नव्हतं. कडाक्याचं भांडण झालं. नवरा घोंगडी उचलून मारुतीच्या देवळात झोपायला गेला.

आता, गावातले दिवे मालवले की त्यांच्या ज्योती रात्री मारुतीच्या देवळात जमायच्या आणि गप्पा मारायच्या. त्या रात्री एक ज्योत उशिरा आली. का गं उशीर? आमच्या घरी आज नवराबायको भांडत बसले होते. का? आणि ज्योतीनं सगळं सांगितलं, जोडे म्हणजे गोष्ट आणि अंगरखा म्हणजे गाणं. नवऱ्यानं ऐकलं. पहाटे घरी येऊन बायकोला विचारलं, तुझी ती गोष्ट कुठली? तुझं ते गाणं कुठलं?

ती म्हणाली, कुठली गोष्ट? कुठलं गाणं?

संपली. अज्जी इथं थांबायच्या आणि उठून दिवा मालवायच्या. आता आमच्या घरची ज्योत निघाली मारुतीकडे, असं म्हणून आम्ही अंधारात बघत पडायचो.

---

झाडीपट्टी

सीमाभाग, अंगावर काटा आला. कारण माझी गोंडी गोष्ट हीच आहे, फक्त जास्त रागीट.

एका गोंड शेतकऱ्याला चार गोष्टी येत होत्या, पण सांगायचा आळस. एकदा तो आणि त्याचा गडी लेकाच्या गावाला निघाले. वाटेत एका झोपडीत मुक्काम पडला. जेवणं झाल्यावर गडी म्हणाला, मालक, एखादी गोष्ट सांगा. मालक घोरायला लागला. गडी जागा. तेवढ्यात मालकाच्या पोटातून चारही गोष्टी बाहेर आल्या आणि त्याच्या अंगावर बसून बोलू लागल्या: हा आपल्याला लहानपणापासून ओळखतो, पण कुणाला सांगत नाही. याच्या पोटात फुकट का राहायचं? याला मारू आणि दुसऱ्याकडे राहायला जाऊ. एक म्हणाली, मी याच्या ताटातल्या अन्नाच्या सुया करीन. दुसरी म्हणाली, मी झाड होऊन याच्या अंगावर कोसळेन. तिसरी साप होईन म्हणाली, चौथी नदीचा लोंढा.

गड्यानं ऐकलं आणि चारही वेळा मालकाला वाचवलं. मालक विचारतो, तुला कसं कळलं? गडी म्हणतो, सांगितलं तर मी दगड होईन. मालकाला पटत नाही. गडी सांगतो आणि दगड होतो. पुढे मालकाच्या सुनेनं आपलं मूल त्या दगडाला लावलं तेव्हा तो माणूस झाला.

मी शाळेत शिकवतो. आदिवासी मुलं वर्गात घरच्या भाषेतलं काही बोलायला तयार नसतात. ही गोष्ट सांगितली की दुसऱ्या दिवशी दोघंतिघं येतात, सर, माझ्या आजीच्या पोटात पण आहे एक.

---

मांडवीतीर

झाडीपट्टी सर, तुमचा तो दगड झालेला गडी दख्खनच्या एका जुन्या गोष्टीतही आहे, आणि तिला गोव्याचा धागा आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

१८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर दख्खनच्या दौऱ्यावर होते. त्यांची मुलगी मेरी बरोबर होती. तिची आया अ‍ॅना लिबेराता डिसोझा. अ‍ॅनाच्या आजोबांचं घराणं मूळ लिंगायत. ते गोव्याजवळ येऊन राहिलं आणि तिथे आजोबा ख्रिस्ती झाले. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी अ‍ॅनानं प्रवासात मेरीला सांगितल्या. मेरी लिहून घ्यायची आणि बरोबर आहे ना म्हणून पुन्हा वाचून दाखवायची. १८६८ मध्ये लंडनला त्याचं पुस्तक निघालं, 'ओल्ड डेक्कन डेज'. भारतातल्या लोककथांच्या इंग्रजी संग्रहांमध्ये ते अगदी पहिल्या फळीतलं. त्यात अ‍ॅनानं स्वतःबद्दल सांगितलेलंही छापलं आहे, आणि त्या काळी एका आयेचं बोलणं असं छापलं जाणं ही लहान गोष्ट नाही.

तर त्यात राम आणि लक्ष्मण नावाच्या दोन मित्रांची कथा आहे (रामायणाशी संबंध नाही). लक्ष्मणाला घुबडांची भाषा कळते. घुबडं बोलत असतात की वडाची फांदी पडेल, कमान कोसळेल, नाग येईल. तो तिन्ही वेळा मित्राला वाचवतो, शेवटी दगड होतो, आणि आठ वर्षांनी मित्राचं तान्हं मूल हात लावतं तेव्हा जिवंत होतो.

कोसळतं झाड तेच, साप तोच, दगड तोच, मूल तेच. फक्त घुबडांच्या जागी गोंडांनी खुद्द गोष्टींनाच बसवलं. मला गोंडांची जास्त आवडली. घुबडांना फक्त भविष्य कळतं, गोष्टी मात्र रागावतात.

---

मारवाडचा_मुक्काम

बँकेच्या बदलीनं जोधपूरला आहे. इकडे शेवटापेक्षा मधल्या 'हं'ला मान. म्हणच आहे, "बात में हुंकारो, फौज में नगारो." फौजेला नगारा तसा गोष्टीला हुंकार. एक जण हुंकारा द्यायला ठरलेला असतो, आणि तो थांबला तर सांगणारा थांबतो. इथून जवळच बोरुंदा गाव आहे. तिथे विजयदान देथा आणि कोमल कोठारींनी १९६० साली लोककथा-लोकगीतं जमवणारं रूपायन संस्थान काढलं. देथांनी गावातल्या लोकांकडून ऐकलेल्या गोष्टी 'बातां री फुलवाड़ी'चे १४ भाग होतील इतक्या राजस्थानीत लिहिल्या.

आपल्याकडेही 'हुंकार भर' म्हणायचे ना? माझे आजोबा मध्येच थांबून बघायचे, कोण जागं आहे ते.

---

जुनीपोथी

हो, आणि हुंकाराचा सूड म्हणजे कापूसकोंड्याची गोष्ट! "कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" हो. "हो काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" नको. "नको काय म्हणतेस..." माझा धाकटा भाऊ रडकुंडीला यायचा. संपल्याचं वाक्यच नसलेली एकमेव गोष्ट.

पण मी लिहायला आले ते दुसरंच. सीमाभाग आणि झाडीपट्टींच्या गोष्टी वाचून आदित्य राणूबाईची कहाणी पुन्हा काढून वाचली. पिंपळपारताई, व्रत आणि गोष्ट वेगळी हे माझं म्हणणं मी मागे घेते. ज्यांना कहाणी आठवत नाही त्यांच्यासाठी: गरीब ब्राह्मण सूर्यनारायणाचा वसा घेतो, त्याची एक लेक राजाकडे पडते, एक प्रधानाकडे. बाप राजाच्या राणीकडे जातो आणि म्हणतो, मला कहाणी सांगायची आहे, ऐक. ती म्हणते, मला वेळ नाही, राजा पारधीला जायचाय. प्रधानाच्या घरची लेक मात्र ऐकते. एवढ्यावरून थोरलीच्या घरी दारिद्र्य येतं. चोरी नाही, खोटं नाही. कहाणी ऐकायला वेळ नव्हता, एवढाच अपराध!

पुढे ती शहाणी होते, वसा करते. राजाकडे परत निघते तेव्हा वाटेत कहाणी ऐकायला माणूस शोधत हिंडते. मोळीविक्या भेटतो. सहा मोती घेते, तीन त्याला देते, तीन आपण घेते. तिनं मनोभावे सांगितली, त्यानं चित्तभावे ऐकली, आणि त्याची मोळी सोन्याची झाली. पुढे माळी भेटतो, त्याच्या विहिरीला पाणी लागतं.

इतकी वर्षं दर श्रावणात वाचते आहे. ऐकणाऱ्याला मोती द्यावे लागतात हे या वेळी पहिल्यांदा दिसलं.

---

लोहितकाठ

नवऱ्याची फौजेतली नोकरी, त्यामुळे आसामात दोनदा राहिले. तिकडे गोष्ट संपली की म्हणतात, आमचे कपडे मळले, म्हणून आम्ही घरी आलो. किती गोड! जणू सगळे गोष्टीच्या गावात खेळायला गेले होते. लक्ष्मीनाथ बेजबरुआंच्या १९११ च्या 'बुढी आइर साधु' या संग्रहातल्या गोष्टी अशाच संपतात.

त्यातलीच तेजीमला. बाप व्यापाराला परदेशी गेला आणि सावत्र आईनं तेजीमलेला ढेंकीत, भात कांडायच्या पायउखळात, कांडून मारलं. वळचणीला पुरलं तिथे भोपळ्याचा वेल आला. भोपळा तोडायला हात लावला की वेल गातो: हात लावू नको, रेशमी वस्त्रापायी सावत्र आईनं मला कांडलं, मी तेजीमला आहे. सावत्र आई वेल उपटून टाकते, तिथे लिंबाचं झाड येतं. तेही गातं. तेही उपटून नदीत टाकलं तर कमळ होतं. बाप होडीतून परत येतोय, लेकीसाठी कमळ खुडायला हात घालतो, आणि कमळ गातं. तीन जन्म ती तेच सांगते आहे. ज्यानं ऐकायला हवं तो तिसऱ्यांदा भेटतो.

वरच्या सगळ्या गोष्टी वाचून ही आठवली. तिला कुणी हुंकार दिला तर फक्त बापानं. तो म्हणतो, खरंच माझी तेजीमला असशील तर साळुंकी हो आणि माझं चावलेलं पान खा. ती होते.

---

कावेरीकाठ

वाचता वाचता इडलीचं पाणी आटलं. लेकीला ही आज सांगणार नाही, थोडी मोठी होऊ दे. पण सांगेन नक्की. हल्ली अशा गोष्टी गुळगुळीत करून सांगतात, सावत्र आई रागावते आणि मग सॉरी म्हणते. मग वेल गाईल कशाला?

---

महानदी_ते_मुळा

अगदी. +१.

---

पिंपळपार

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मी वहीत उतरवून घेतला आहे, तेलुगू, ओडिया, तमिळ ओळी देवनागरीत मोठ्या अक्षरांत.

काल रविवार होता, म्हणून जिन्यात आदित्य राणूबाईचीच कहाणी सांगितली. मोती कुठून आणणार, तांदळाचे दाणे घेतले. तीन माझ्या हातात, तीन प्रत्येक पोराच्या. बंगाली आजींनीही हात पुढे केला. नातवाला मी कानात सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तो दर वाक्याला "हं" म्हणत होता, इतक्या जोरात की तळमजल्यावरून वॉचमन वर बघून गेला. प्रधानाच्या घरची मावशी कोहळा पोखरून त्यात होनामोहरा भरते तिथे तेलुगू मुलानं विचारलं, हाच का तो म्हातारीचा भोपळा? मी म्हटलं, असेल बाबा, बाजारातून कुणी काय नेलं कुणाला ठाऊक.

शेवटी नीट म्हटलं, "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." मग तो म्हणाला कथा कांचीला. मग आजींनी माठाचं रोप खुडलं.

नातू मूठ उघडून बघत होता. म्हणाला, आज्जी, हे तांदूळ आता कुणाचे?

आजी म्हणाल्या, मुंगीचे. तिला रोज उगीच बोल लावतो आपण. मग तिन्ही पोरांनी तुळशीच्या कुंडीमागे, जिथे रांग जाते तिथे, नऊ दाणे मोजून ठेवले.